एकटीचा वर्ग

भोपाळमध्ये आम्ही वीस-बावीस वर्षं राहिलो आणि तेवढी सगळी वर्षं निघायच्या तयारीत राहिलो. अवधपुरीत आमच्या गल्लीत मराठी घरं चार-पाच, सगळ्यांची तऱ्हा हीच. नोकरी इथल्या कारखान्यात आणि नजर पुण्याकडे नाहीतर नागपूरकडे. टीव्हीचं, मिक्सरचं, इस्त्रीचं रिकामं खोकं माळ्यावर जपून ठेवायचं, कारण बदली झाली तर लागेल. झाडं कुंडीत लावायची, जमिनीत लावायची नाहीत. रस्ते शिकायचे ते दवाखाना, बाजार आणि स्टेशन एवढेच. मी तर या बाबतीत सगळ्यांच्या पुढे होते. भोपाळला नावं ठेवणं हा माझा घरगुती उद्योगच होता, आणि त्यात मला कधी मंदी आली नाही.

आमचे हे मोठमोठी यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. ती यंत्रं वीजकेंद्रात नेऊन बसवायची म्हणजे साईटवर जावं लागे. महिन्याभरासाठी म्हणून गेलेला माणूस सहा-सहा महिने यायचा नाही. तिकडून रोज फोन यायचा. तो म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. गॅसचा नंबर लावलास का, टाकी साफ करून घेतलीस का, विम्याच्या माणसाचा फोन आला का. मुलगी होती तोवर घरात निदान भांडायला कुणीतरी होतं. ती नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तेही संपलं. एक दिवस दुपारी मी शिट्या करणाऱ्या कुकरला "पुरे आता" म्हणाले आणि स्वतःच्याच आवाजाने दचकले. सकाळपासून तोंडातून निघालेला तो पहिला शब्द होता. मला फार एकटं वाटायचं. आज हे लिहायला काही वाटत नाही, तेव्हा फोनवर सांगायची लाज वाटायची.

मुलगी एकदा म्हणाली, "आई, तू काहीतरी कर ना." लहान मुलांना 'जा, अंगणात खेळ' म्हणतात त्या सुरात म्हणाली. मला राग आला. त्या रागाच्या भरात मी बी.एस्सी.ला नाव घातलं. नागपूरला असताना दुसऱ्या वर्षाला माझं लग्न ठरलं होतं आणि कॉलेज सुटलं होतं. 'लग्नानंतर पूर्ण कर' असं सगळेच म्हणाले होते. म्हणणाऱ्यांचं काय जातं! विषय भूशास्त्र होता, म्हणजे दगडमातीचा, आणि तेव्हा तो मला मनापासून आवडायचा. पहिल्या वर्षाच्या सहलीतून आणलेले दगड मी उशाशी घेऊन झोपायचे, म्हणून आई मला वेडी म्हणायची. तीस वर्षांनी तोच विषय पुन्हा घेतला, पण आवड वगैरे काही शिल्लक नव्हती. मुलीचं तोंड बंद करायचं, एवढाच हेतू होता.

अरेरा कॉलनीच्या बाजूला एका कॉलेजात दर रविवारी वर्ग भरायचा. नोकरी करणाऱ्यांसाठी आणि माझ्यासारख्या वरातीमागून आलेल्या घोड्यांसाठी. सुरुवातीला बरीच मंडळी होती. बहुतेकांना बढतीसाठी पदवी हवी होती. यायचे, सही करायचे आणि बिट्टन मार्केटकडे कचोरी खायला निघून जायचे. नव्याचे नऊ दिवस संपले तसे सहीलाही येईनासे झाले. दिवाळीनंतर वर्गात मी एकटी उरले. मला शिकायची फार हौस होती म्हणून उरले असं नाही. घरी जाऊन तरी काय करायचं होतं?

शिकवायला एक बाई होत्या. माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान, बुंदेलखंडातल्या कुठल्याशा गावच्या, किडकिडीत, सुती साडी आणि खाली खेळाचे बूट. मध्य प्रदेशात कंत्राटी प्राध्यापकाला 'अतिथी विद्वान' म्हणतात. नाव भारदस्त, पण कायम नेमणुकीचा माणूस आला की पाहुण्याने उठायचं. त्या पाहुण्या आणि मीही मनाने पाहुणीच, तेव्हा जोडी बरी जमली होती. पहिल्याच दिवशी त्या मला "आंटी जी" म्हणाल्या आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "क्लास में आंटी मत कहिए." त्या जराही न हसता म्हणाल्या, "ठीक है. फिर क्लास में देर से भी मत आइए."

त्यांची शिकवायची एक रीत होती. समोर मी एकटी पहिल्या बाकावर, आणि या उभ्या राहून भरलेल्या वर्गाला शिकवावं तशा शिकवायच्या. फळ्यावर आकृती मोठी काढायच्या, शेवटच्या बाकाकडे बघून विचारायच्या, "पीछे तक दिख रहा है?" मी मागे वळून बघायची. मागे धूळ बसलेली बाकं आणि एक मोडका पंखा. बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय की काय, असं मला वाटायचं. मुलीला फोनवर सांगितलं तर ती हसून हसून थकली.

प्रयोगशाळेत एका लाकडी ट्रेमध्ये दगडांचे नमुने होते, प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने नंबर. ओळखून नाव सांगायचं. यात मी पटाईत होते. डाव्या कोपऱ्याचा टवका उडालेला तो एक, नंबराचा रंग ओघळलेला तो दुसरा, तळाला डिंकाचा डाग तो तिसरा. नागपूरलाही आम्ही सगळ्या मुली असंच करायचो आणि पैकीच्या पैकी मार्क घ्यायचो. मी धडाधड नावं सांगितली. मॅडम बघत राहिल्या.

पुढच्या रविवारी त्या भाजीची पिशवी घेऊन आल्या. वर मेथीची जुडी, खाली दगड. मेट्रोच्या खांबांसाठी खोदलेल्या ढिगाऱ्यातून, रस्त्याच्या कडेचे, असे सात-आठ दगड त्यांनी टेबलावर मांडले. नंबर नाही, डाग नाही. "बताइए." मला एकही आला नाही. मॅडमनी एक दगड उचलला आणि सरळ जीभ लावून चाटला. ओला दगड उजेडात धरला आणि म्हणाल्या, "अब देखिए, दाने कैसे खुल गए." आणि तोच दगड माझ्या हातात दिला!

माझ्या अंगावर काटा आला. आमच्या घरात दुसऱ्याच्या पेल्याला कुणी तोंड लावत नाही. उष्टं-खरकटं पाळण्यात माझी अख्खी हयात गेली. मी तो दगड दोन बोटांत धरून म्हटलं, "मैडम, ये तो जूठा हो गया."

"पत्थर जूठा नहीं होता," त्या म्हणाल्या. "इतने करोड़ साल में पता नहीं किस-किस ने चाटा होगा. अगला आप चाटिए."

मी चाटला नाही. पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्यावर पाणी ओतलं. त्या मनापासून हसल्या, आणि मला त्यांचा आणखीच राग आला. जाताना त्यांनी घरचा अभ्यास दिला, घराजवळचा एक असा दगड आणा की ज्याच्याकडे आपण कधी बघितलेलं नाही.

मी घरी आले ती धुसफुसतच. अवधपुरीत कुठला आलाय दगड! जिकडे तिकडे टाइल, सिमेंट आणि नवीन घरांची वाळू. आठवडाभर मी मुद्दाम काही शोधलं नाही. शनिवारी मागच्या अंगणात चादर धूत बसले होते. धुण्याचा दगड तांबूस फरशीचा, घर बांधलं तेव्हापासूनचा, आणि त्याच्या अंगावर लाटा लाटा होत्या. ठेकेदाराने खराब माल गळ्यात मारला म्हणून मी त्याला वर्षानुवर्षं शिव्या घातल्या होत्या. कपड्याचा मळ त्या लाटांवर छान निघायचा, हे मात्र कधी कुणाला सांगितलं नव्हतं. चादर घासता घासता हात थांबला. वाळूवरून पाणी ओसरल्यावर उमटतात तशा रेघा होत्या त्या, अगदी तशाच. पण वाळू कुठे आणि फरशी कुठे? मी आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं. मग मी खाली वाकले आणि, सांगायला हरकत नाही, तो दगड चाटून बघितला. साबणाची चव आली.

दगड कॉलेजात नेणं शक्य नव्हतं, म्हणून रविवारी मॅडमच माझ्याबरोबर घरी आल्या. कित्येक महिन्यांनी घरात माणूस येत होतं. मी पोहे केले, शिवाय शेव आणि जिलबी आणून ठेवली, पण त्या आधी तडक मागच्या अंगणात गेल्या आणि ओल्या जमिनीवर मांडी घालून बसल्या. दगडावरून हात फिरवत म्हणाल्या, इथे एके काळी उथळ पाणी होतं. शंभर कोटी वर्षांपूर्वी म्हणतात. झाड नाही, पाखरू नाही, जमिनीवर गवताची काडी नाही, नुसतं पाणी आणि वाळू. त्या वाळूवर एका दिवशी ज्या लाटा उमटल्या त्या या. मी ऐकत राहिले. बघायला कुणीही नसताना समुद्र हे करत बसला होता.

मॅडमनी विचारलं, "पानी किधर से आया होगा?" मी लाटेवरून बोट फिरवलं. एका बाजूला उतार सौम्य होता, दुसऱ्या बाजूला तीव्र. पाणी सौम्य बाजूने चढलं असणार आणि पलीकडे वाळू घसरली असणार. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, बोटालाच कळलं. मी उठून हात लांब केला आणि ऐटीत म्हटलं, "उत्तर से! इधर, किचन की तरफ से."

मॅडम हसत सुटल्या. त्यांना ठसका लागला. "दीदी," त्या म्हणाल्या, "ये पत्थर तो ट्रक में आया था. मिस्त्री ने जैसे रख दिया, वैसे रख दिया. समंदर को क्या पता आपका किचन किधर है!"

हात दाखवून अवलक्षण ते हेच. मीही हसायला लागले आणि मला थांबताच येईना. हसता हसता लक्षात आलं की त्या मला दीदी म्हणाल्या होत्या, आणि इतक्या मोठ्याने चुकायला मिळाल्याला मला युगं झाली होती. घरात मी चुकले की टाकी वाहायची नाहीतर गॅस संपायचा. इथे चुकले तर पुढचा प्रश्न मिळत होता. मग दिशा नाही कळली तर काय कळतं? मॅडम विचारत गेल्या, मी सांगत गेले. पाणी एकाच बाजूने वाहत होतं, फार खोल नव्हतं, फार जोरात नव्हतं. पोहे गार झाले.

खाताना मी त्यांना रिकाम्या बाकांबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "एक को पढ़ाने लगूँ तो बातें करने लगूँगी, दीदी. यहाँ मेरा भी कौन है बात करने को. बातें शुरू हुईं तो पढ़ाना छूट जाएगा." एवढं बोलून त्यांनी जिलबी घेतली आणि विषय बदलला.

त्यानंतर मला दगडांनी झपाटलं. देवळाच्या पायऱ्या, बागेचे कठडे, दुकानांचे उंबरे, सगळीकडे मी वाकून बघायला लागले. एकदा मेट्रोच्या खड्ड्यापाशी इतकी वाकले की तिथल्या रखवालदाराने "माताजी, गिरेंगी" म्हणून हटकलं. ज्या गावाकडे मी इतकी वर्षं पाठ करून बसले होते ते गाव पायाखाली एवढं सामान घेऊन बसलं होतं. आठवडाभर मी रविवारची वाट बघायची. हा आनंद फोनवर सांगायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. हे म्हणायचे, "अच्छा. बरं, टाकी साफ केलीस का?" मुलगी म्हणायची, "वा, आई, मस्त," आणि पलीकडे कळफलकाची टकटक ऐकू यायची. मग मी तिथे सांगणं सोडलं. जे सांगायचं ते रविवारपर्यंत साठवून ठेवायला लागले.

अशी दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. हे निवृत्त होऊन घरी आले. पुण्याचा फ्लॅट तयार होता, इथलं घर विकलंही गेलं, घेणाऱ्यांनी जूनअखेरपर्यंत मुदत दिली. आणि कॉलेजात कायम नेमणुकीचा माणूस आला. मॅडमच्या जागेवर येऊन तो दुसराच विषय शिकवणार होता, आमच्या विषयाची या केंद्रावर यंदा शेवटची परीक्षा. मॅडमना उठावं लागलं. त्या सागर शहराच्या बाजूच्या एका लहान कॉलेजात गेल्या. माझी परीक्षा जूनमध्ये होती. या वेळी राहिली तर कायमची राहणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

शेवटच्या रविवारी मॅडमनी निरोपाचं काही बोलू दिलं नाही. घड्याळ बघून वेळ संपेपर्यंत शिकवलं, मागच्या बाकांना दिसतंय ना ते विचारलं, फळा पुसला. मला त्यांचा इतका राग आला की मी चहालाही थांबले नाही. बसमध्ये रडले. माझ्याशी असं कुणी पुन्हा बोलणार नाही, हे कळून रडले. घरी येऊन यांना म्हटलं, "बांधा सामान, जाऊ या पुण्याला." हे खूश झाले. दुसऱ्या दिवशी खोकी उतरवायला लागले.

चार दिवसांनी मॅडमचा फोन आला. परीक्षेसाठी बाहेर जाऊन दगड बघून लिहायचा तो फिल्ड रिपोर्ट कुठवर आला, म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, आता कसला रिपोर्ट, तुम्ही नाही तर मी कुणाबरोबर जाऊ, कुणाला दाखवू. मग त्या चिडून म्हणाल्या, "मैं चली गई तो पत्थर थोड़े ही चला गया, दीदी." आणि फोन ठेवला. तीन वर्षांत त्या पहिल्यांदाच चिडल्या होत्या.

त्या रात्रीच्या जेवणाला मी यांना सांगितलं की मी जूनपर्यंत इथे राहणार. हे म्हणाले, "या वयात पदवी घेऊन काय करणार आहेस?" मी म्हटलं, "माहीत नाही." खरंच माहीत नव्हतं. हे ट्रकबरोबर पुढे गेले. मी एक गादी, शेगडी आणि पुस्तकं घेऊन रिकाम्या घरात राहिले. मी बोलले की भिंती उलटं बोलायच्या. इतकी एकटी मी कधीच नव्हते, पण हे एकटेपण निदान मी मागून घेतलं होतं.

रिपोर्टसाठी मी नागपूरच्या रस्त्याला मंडीदीपच्या पुढे बसने जायची. तिथे रस्त्यासाठी टेकडी कापली आहे आणि कापलेल्या दरडीत खाली तांबडा दगड, त्यावर काळा दिसतो. काळा म्हणजे आपला, सगळ्या महाराष्ट्राखाली आहे तोच, लाव्ह्याचा. तो वाहत वाहत इथवर आला आणि या तांबड्या जुन्या दगडावर पसरून थंड झाला. पुस्तकात हे मी पाठ केलेलं होतं. तिथे उन्हात उभी राहून एक तळवा काळ्यावर आणि एक तांबड्यावर ठेवला तेव्हा हात काढवेनात. ट्रकवाले हॉर्न मारत जात होते. मी मापं घेतली, आकृत्या काढल्या, आणि त्या कुणाला न दाखवता जमा केल्या.

परीक्षा झाली. निकाल पुढे पुण्यात कळला, पास झाले. यांनी पेढे आणले.

पण मला सांगायचं आहे ते परीक्षेनंतरचं. हे मला न्यायला गाडी घेऊन आले होते. नागपूरला माहेरी दोन दिवस थांबून पुढे पुणे, असं ठरलं होतं. मंडीदीप मागे पडलं आणि मी म्हटलं, "इथे जरा थांबवा." हे म्हणाले, "का, बरं वाटत नाही का?" मी उतरून दरडीपाशी गेले. हेही मागून आले, किल्ली हातात फिरवत. मी बोट दाखवून म्हटलं, हे खालचं समुद्रातलं, हे वरचं आगीतलं, आणि मधे जी रेघ दिसते तेवढ्यात कोट्यवधी वर्षं गेलीत. हे बघत राहिले. माणूस इंजिनिअर, बघता येतं त्यांना. मग म्हणाले, "तू हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही घरी नव्हता," मी म्हटलं. रागाने नाही म्हटलं. होतं तसं म्हटलं.

यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला आणि जवळ येऊन म्हणाले, "मग आता सांग."

हे ऐकायला मी किती वर्षं थांबले होते ते माझं मला ठाऊक. आणि ऐकलं तेव्हा मला रडू आलं, पण ते यांच्यासाठी नव्हतं. त्या दरडीसमोर मला मॅडम हव्या होत्या. अर्ध्या वाक्यात कळणारं, चुकलं की ठसका लागेपर्यंत हसणारं माणूस हवं होतं. यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार होतं, आणि आमच्याकडे वेळ किती उरला होता कोण जाणे. मी डोळे पुसले आणि खालच्या थरापासून सांगायला सुरुवात केली.